शहीद द्वीप की लिटिल अंदमान? कमी खर्चातला एक आठवडा

सांगली-साताऱ्याहून पुणे, तिथून विमानाने चेन्नईमार्गे पोर्ट ब्लेअर (आताचे नाव श्री विजयपुरम). इथवर दोन्ही बेटांचा रस्ता एकच, मोठा खर्चही हाच.

शहीद द्वीप, म्हणजे जुने नील, बोटीने सुमारे दोन तासांवर. बेट लहान, त्यामुळे भाड्याची सायकल पुरते. सीतापूरला सूर्योदय, लक्ष्मणपूरला सूर्यास्त. खडकाची नैसर्गिक कमान मात्र ओहोटीलाच पाहायची, भरतीत तिथवर चालत जाता येत नाही. चौथ्या दिवशी बेट संपते.

लिटिल अंदमान खरे आडवाटेचे. 'हट बे' या तिथल्या बंदराला पोहोचायला सरकारी जहाज सहा ते आठ तास घेते, आणि समुद्र खवळला की फेरी रद्द होते. इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो: परतीच्या विमानाआधी पोर्ट ब्लेअरमध्ये किमान दोन दिवस मोकळे ठेवा, नाहीतर वाचवलेले सगळे पैसे नव्या तिकिटात जातात. रोख आधीच बरोबर न्या, एटीएमच्या भरवशावर राहू नका. 'बटलर बे' किनाऱ्यावरच्या लाटा सुंदर आहेत, पण खाडीच्या तोंडाशी पोहू नका. या पाण्यात मगरी असतात. इथल्या ओंगे आदिवासींच्या राखीव भागात जाणे कायद्याने बंद आहे, आणि ते बरोबरच आहे.

वाळूतल्या बारीक माश्यांसाठी खोबरेल तेल, पूर्ण बाह्यांचा शर्ट. भडंग न्यायचे तर छोटी बंद पाकिटे. खाऱ्या दमट हवेत उघडे पाकीट लगेच सादळते.

पहिलीच खेप असेल तर शहीद द्वीप. हातात दहा दिवस असतील तर नि:शंकपणे लिटिल अंदमान, तेही जानेवारी ते मार्चमध्ये.