लाइव्ह की स्टुडिओ: घरी ऐकायला कुठला जॅझ घ्यावा

एखादा वादक आवडू लागला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. त्याचा स्टुडिओतला अल्बम घ्यावा, की क्लबमध्ये किंवा महोत्सवात टिपलेलं लाइव्ह रेकॉर्डिंग? जाणकारांना विचारलंत तर बरेच जण लाइव्हकडे बोट दाखवतील. जॅझ म्हणजे त्या क्षणी सुचलेलं वादन, मग ते श्रोत्यांसमोर सुचलेलंच ऐकावं, असं त्यांचं म्हणणं असतं आणि ते पोकळ नाही. माझ्याकडे दोन्ही प्रकारचा संग्रह आहे आणि दोन्हींवर माझा जीव आहे. तरी घरी पुन्हा पुन्हा लावायची वेळ आली की माझा हात स्टुडिओच्या अल्बमकडे जातो. कारण विचाराल तर टाळ्या.

पण आधी लाइव्हची बाजू मांडायला हवी, कारण ती खरोखर भक्कम आहे. 7 जुलै 1956 ला न्यूपोर्टच्या महोत्सवात ड्यूक एलिंग्टनचा वाद्यवृंद ‘डिमिन्युएंडो अँड क्रेसेंडो इन ब्लू’ वाजवत होता. रचनेच्या दोन भागांमध्ये टेनर सॅक्सोफोनवर पॉल गोन्साल्व्हेस उभा राहिला आणि त्याने ब्लूजची 27 आवर्तनं सलग वाजवली. लोक खुर्च्या सोडून नाचू लागले. असा सोलो (एकट्याचं उत्स्फूर्त वादन) स्टुडिओत झालाच नसता. समोर गर्दी तापत गेली म्हणून तो वाढत गेला, आणि गर्दीचा तो चढता आवाज काढून टाकला तर सोलोचा अर्थच निम्मा होईल.

सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनचंही तेच. ‘अ लव्ह सुप्रीम’ 9 डिसेंबर 1964 ला स्टुडिओत झालं, ते साधारण 33 मिनिटांचं. पुढच्या वर्षी 2 ऑक्टोबरला सिएटलच्या एका क्लबमध्ये त्याने तीच रचना वाजवली तेव्हा ती सव्वा तासाच्या पुढे गेली. ते रेकॉर्डिंग 2021 मध्ये बाहेर आलं. ते ऐकल्यावर वाटतं की स्टुडिओतली आवृत्ती म्हणजे रचनेचा आराखडा होता आणि तिच्यात केवढं सामावलेलं होतं हे क्लबमध्येच उलगडलं. कोल्ट्रेनचा माग काढायचा असेल तर लाइव्ह टाळून चालणार नाही, हे मी आनंदाने मान्य करतो.

आता माझी अडचण सांगतो.

जॅझमध्ये एक सोलो संपून दुसरा सुरू होतो तो सांधा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. पहिला वादक शेवटचं वाक्य कसं सोडतो आणि दुसरा ते कसं उचलतो, तिथे सगळा वृंद एकमेकांचं किती ऐकतोय ते कळतं. ड्रमवादक आर्ट ब्लेकीच्या जॅझ मेसेंजर्स या वृंदाचं ‘मोनिन’ घ्या. 30 ऑक्टोबर 1958, न्यू जर्सीतल्या हॅकेन्सॅकमधला ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डरचा स्टुडिओ, म्हणजे खरं तर त्याच्या आईवडिलांच्या घरातली बैठकीची खोली. ली मॉर्गन ट्रम्पेटवरचा सोलो संपवतो आणि बेनी गोल्सन टेनरवर मॉर्गनचंच शेवटचं वाक्य उचलून आपला सोलो सुरू करतो. मॉर्गन त्या वेळी अवघा 20 वर्षांचा होता. त्याने दिमाखात सोडलेलं वाक्य गोल्सन जाडसर, किंचित खरखरीत आवाजात म्हणून बघतो आणि मग आपल्या वाटेने जातो. काही सेकंदांचा मामला, पण मी तो अल्बम त्यासाठी लावतो.

हाच वृंद, हीच रचना, दोन महिन्यांच्या आत पॅरिसच्या क्लब सेंट-जर्मेनमध्ये टिपली गेली: 21 डिसेंबर 1958. वाजवणारे पाचही जण तेच. वादन जास्त सैल, जास्त लांब आणि काही जागी जास्त पेटलेलं. बॉबी टिमन्सचा पियानो ऐन रंगात असताना श्रोत्यांत बसलेली पियानोवादक हेझल स्कॉट न राहवून ‘ओ लॉर्ड, हॅव मर्सी’ म्हणून ओरडते. तो उद्गार इतका गाजला की त्या रेकॉर्डवर रचनेचं नावच ‘मोनिन विथ हेझल’ असं झालं. पहिल्यांदा ऐकताना अंगावर काटा येतो. पण घरी ऐकायची रेकॉर्ड पुन्हा पुन्हा ऐकायची असते. सोलोंत दरवेळी काहीतरी नवं सापडतं. हेझल स्कॉट मात्र दरवेळी त्याच ठिकाणी ओरडते. उत्स्फूर्तपणाची सगळी गंमत ती पुढे काय होणार हे ठाऊक नसण्यात असते, आणि श्रोत्यांच्या बाबतीत ती गंमत सगळ्यात आधी संपते.

टाळ्यांची गोष्ट याहून बिकट आहे, कारण त्या नेमक्या सांध्यावर पडतात. सोलो संपला की टाळ्या वाजवायच्या ही जॅझची रीतच आहे, आणि ती चांगली रीत आहे. पण पुढचा वादक टाळ्या थांबेपर्यंत थांबत नाही, रिदम सेक्शन (पियानो, बास आणि ड्रम्स) चालू असतो आणि आवर्तन पुढे सरकत असतं. म्हणून पुढच्या सोलोचे पहिले चार-सहा बार (तालाचे छोटे भाग) टाळ्यांखाली दबतात. नव्याने आलेला वादक कुठून सुरुवात करतोय, मागच्याचं काही उचलतोय का, की मुद्दाम पाठ फिरवतोय, हे सगळं त्या गलबल्यात हरवतं. सॅक्सोफोननंतर बासचा सोलो असेल तर विचारूच नका. डबल बासचा आवाज मुळात खालचा, त्यात टाळ्या, आणि टाळ्या ओसरल्या की टेबलांवरच्या गप्पा सुरू.

प्रत्यक्ष कार्यक्रमात मला हा त्रास कधीच झालेला नाही. याचं कारण डोळे असावेत असं मला वाटतं. सॅक्सोफोनवाला मागे सरकतो, ट्रम्पेटवाला माइककडे येतो, ओठांना वाद्य लावतो. नजर तिकडे गेली की कानही टाळ्यांतून नेमका तेवढा आवाज वेचून काढतात. शिवाय त्या टाळ्यांत आपल्याही असतात. स्पीकरमधून मात्र टाळ्या आणि ट्रम्पेट एकाच भिंतीतून येतात आणि कानाला निवड करायला आधार उरत नाही. कदाचित उत्तम ध्वनियंत्रणा असलेल्यांना हे कमी जाणवत असेल. माझ्या साध्या यंत्रणेवर चांगलंच जाणवतं.

स्टुडिओत हा सांधा उघडा, स्वच्छ ऐकू येतो. ‘काइंड ऑफ ब्लू’ या अल्बममधल्या ‘सो व्हॉट’मध्ये ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस मोजके स्वर मांडून, मध्ये भरपूर मोकळी जागा सोडून बाजूला होतो आणि कोल्ट्रेन त्या मोकळ्या जागेत दाट, गंभीर वाक्यं घेऊन शिरतो. एवढी शांतता असते की दोघांच्या स्वभावातला फरक त्या एका वळणावर कळून चुकतो. 1960 च्या युरोप दौऱ्यातली हीच रचना ऐका. लय बरीच चढलेली, कोल्ट्रेन भन्नाट, ऐकून थक्क व्हायला होतं. तरी ती पहिली शांतता तिथे नाही.

स्टुडिओबद्दल एक समज असतो की तिथे सगळं घोटून घोटून गुळगुळीत होतं. मला वाटतं, तो दुसऱ्या प्रकारच्या संगीतावरून आलेला असावा. 1950 च्या दशकात जॅझचा अल्बम एका-दोन दिवसांत उरकायचा. ‘काइंड ऑफ ब्लू’ 1959 मध्ये 2 मार्च आणि 22 एप्रिल अशा दोनच दिवशी झाला. ब्लू नोट कंपनी वादकांना तालमीचे वेगळे पैसे द्यायची, त्यामुळे रचनेचा बांधीव भाग सफाईदार यायचा आणि सोलो तेवढेच ताजे राहायचे. स्टुडिओला वेळेची मर्यादा मात्र खरी होती. मिनिटाला 78 फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांवर जेमतेम तीन मिनिटं, 1948 नंतर एलपीच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटं. काही सोलो आटोपते घेतलेले जाणवतात. ती किंमत मला परवडते.

आणखी एक गोष्ट लक्षात असू द्या: वेष्टनावर ‘लाइव्ह’ छापलेलं असलं म्हणजे आतलं सगळं लाइव्ह असेलच असं नाही. न्यूपोर्टच्या ज्या कार्यक्रमाबद्दल वर इतकं लिहिलं, त्याच्या 1956 च्या रेकॉर्डवरचा मोठा भाग नंतर स्टुडिओत पुन्हा वाजवून, वर टाळ्या चढवून तयार केलेला होता. गोन्साल्व्हेसचा सोलो खरा होता, पण तो चुकून व्हॉइस ऑफ अमेरिका या रेडिओच्या माइकसमोर वाजवत होता, त्यामुळे कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीच्या टेपवर तो लांबून आल्यासारखा वाटायचा. दोन्ही टेप जुळवून केलेली आवृत्ती 1999 मध्ये आली. घ्यायची तर तीच घ्या. सॅक्सोफोनवादक कॅननबॉल अॅडर्लीच्या ‘मर्सी, मर्सी, मर्सी’वर क्लबचं नाव आहे, पण 1966 चं ते रेकॉर्डिंग कॅपिटॉल कंपनीच्या स्टुडिओत पाहुणे बोलावून केलेलं आहे. ते मला फार आवडतं.

रोजच्या वापराचा विचार केला तरी पारडं त्याच बाजूला झुकतं. काम करताना, वाचताना, रात्री दिवा मालवायच्या आधी काही लावायचं असेल तर लाइव्ह रेकॉर्डिंग मध्येच उसळतं, निवेदक बोलतो, शिट्ट्या येतात. न्यूयॉर्कच्या बर्डलँड क्लबमधल्या ब्लेकीच्या 1954 च्या रेकॉर्डवर तिथला निवेदक पी वी मार्केट (Marquette) याचं खणखणीत निवेदन आहे. त्या काळाचा दस्तऐवज म्हणून ते अमूल्य आहे, पण रोज सकाळी ऐकायला मला तरी जड जातं. मोकळी संध्याकाळ, फोन बाजूला आणि पूर्ण लक्ष असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा मीही सिएटलचा कोल्ट्रेन काढतो.

तुमची आवड उलटीही असू शकते. गर्दीचा श्वास ऐकू आल्याशिवाय वादन जिवंत वाटत नाही असे रसिक मला माहीत आहेत, आणि त्यांना मी चुकीचं म्हणणार नाही. पण निवड करायची असेल आणि पैसे मोजकेच असतील, तर मी म्हणेन: स्टुडिओचे अल्बम विकत घ्या आणि लाइव्हसाठी राखलेले पैसे तिकिटावर खर्च करा.

त्यातूनही लाइव्ह रेकॉर्डिंग घ्यायचंच असेल तर वेष्टनाच्या मागच्या बाजूला सोलो वाजवणारे किती आहेत ते आधी पाहा. जितके कमी, तितके सांधे कमी आणि टाळ्यांची अडचणही कमी. कीथ जॅरेटचा 24 जानेवारी 1975 चा कोलोनचा कार्यक्रम एकट्या पियानोचा आहे, तिथे हा प्रश्नच उद्भवत नाही. सॉनी रॉलिन्सचं 1957 चं व्हिलेज व्हॅनगार्डमधलं वादन पियानोशिवायच्या त्रयीचं आहे, म्हणजे बहुतेक वेळ एकटा टेनर. त्याच क्लबमधलं कोल्ट्रेनचं 1961 चं ‘चेसिन द ट्रेन’ एलपीची अख्खी बाजू, सोळा मिनिटं, त्याच्या एकट्याच्या सोलोने व्यापतं.

आणि बिल एव्हान्सच्या त्रयीचं 25 जून 1961 चं व्हॅनगार्ड. दुपार-संध्याकाळ मिळून पाच सेट, पियानोवर एव्हान्स, बासवर स्कॉट लाफारो, ड्रम्सवर पॉल मोशन. तिथे गप्पा आहेत, पेल्यांचा किणकिणाट आहे, टाळ्या मात्र विरळ आहेत. शिवाय या तिघांत एकाने थांबून दुसऱ्याला वाट द्यावी असा प्रकार फारसा नाही. बास आणि पियानो सतत एकाच वेळी बोलत असतात, त्यामुळे टाळ्यांना पडायला जागाच सापडत नाही. अकरा दिवसांनी, 6 जुलैला, लाफारो मोटार अपघातात गेला. त्या दिवसाची संपूर्ण तीन सीडींची आवृत्ती मिळाली तर उत्तमच. नाहीतर ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’पासून सुरुवात करा.