विद्यापीठाचा कथाकथन उपक्रम: मुलांना पाठवावं का?

मी नववी-दहावीला भाषा शिकवते. विद्यापीठाच्या कला विभागाने माध्यमिक शाळांसाठी कथाकथनाचा उपक्रम घेतला, त्यात माझ्या वर्गातली काही मुलं होती आणि मी मागे बसून बहुतेक सत्रं पाहिली. आधीच सांगते, संधी मिळाली तर मुलांना जरूर पाठवा.

मला सर्वात आवडलं ते हे की इथे पहिल्याच दिवशी निबंध लिहायला बसवत नाहीत. आधी ऐकायला शिकवतात. मुलं दोघा-दोघांत बसतात. एकाने स्वतःच्या आयुष्यातला छोटा प्रसंग सांगायचा. दुसऱ्याने वही न उघडता ऐकायचा आणि मग तोच प्रसंग आपल्याच बाबतीत घडल्यासारखा, ‘मी’ म्हणून परत सांगायचा. ज्याचा प्रसंग, त्याने मध्ये दुरुस्ती करायची नाही. काय गळलं, काय नवीन शिरलं, एवढंच लक्षात ठेवायचं. परकी गोष्ट पुन्हा सांगताना माणूस अनोळखी तपशील गाळतो किंवा त्यांना ओळखीचं रूप देतो, हे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ साली दाखवून दिलं होतं. मुलांना ते नावही माहीत नव्हतं, पण तीच गोष्ट त्यांनी एकमेकांच्या तोंडून घडताना पाहिली.

वर्गात कधी हात वर न करणारा एक मुलगा आजीच्या श्रवणयंत्राबद्दल बोलत होता. ‘बॅटरी बदलली, आजीला बरं वाटलं,’ दोन वाक्यांत संपलं. शिकवणाऱ्या ताई नाट्यशास्त्राच्या विद्यार्थिनी. त्यांनी ‘छान’ म्हटलं नाही की ‘अजून सांग’ही म्हटलं नाही. विचारलं, “तेव्हा तुझे हात कुठे होते?” तो थांबला. म्हणाला, “एका हातात बॅटरी. इतकी लहान की पडली तर सापडणार नाही, म्हणून मूठ घट्ट. आणि आजी सारखी विचारत होती, झालं का? मी सांगत होतो, पण तिला ऐकूच येत नव्हतं ना.” सगळा वर्ग त्याच्याकडे बघायला लागला. मी इतकी वर्षं ‘तपशील वाढवा’ असं वहीत लाल शाईने लिहीत आले आहे. हा प्रश्न त्याहून कितीतरी चांगला आहे, आणि आता मी तो रोज वापरते.

कथेचा आराखडा त्यांनी थोडक्यात उरकला, ते बरंच केलं. जर्मन लेखक गुस्ताव्ह फ्रायटाग यांनी १८६३ मध्ये मांडलेला त्रिकोण (गोष्ट चढत जाते, कळसाला पोचते, मग उतरते) फळ्यावर काढला, तो मुळात पाच अंकी नाटकं समजून घेण्यासाठी होता हे सांगितलं आणि पुसून टाकला. आपल्याकडे तोच साचा समजून मुलांकडून भरून घेतला जातो.

आणखी एक गोष्ट पालकांनी मुद्दाम विचारावी अशी आहे. स्वतःचं सांगा म्हटलं की मुलं सर्वात दुखरी गोष्ट काढतात, कारण टाळ्या तिलाच मिळतील असं त्यांना वाटतं. इथे नियम होता: जखम भरून व्रण झाला असेल तरच ती गोष्ट मंचावर. एका मुलीने घरातलं ताजं भांडण निवडलं होतं. ताईंनी तिला बाजूला घेऊन दुसरा प्रसंग शोधायला मदत केली, तिला कुठेही अवघडू न देता. या वयाच्या मुलांसोबत काम करणाऱ्यांकडे ही समज असायलाच हवी.

उणीव आहे ती शेवटाकडे. समारोपाच्या कार्यक्रमात भाषणं लांबली आणि मुलांच्या वेळेला कात्री लागली. काहींना मधूनच थांबवलं, ते मला अजिबात पटलं नाही. कार्यक्रम मुलांचा, तर वेळही आधी त्यांचा. शिवाय त्यानंतर सगळं एकदम बंद. सत्रांच्या नोंदी शाळेला मिळाल्या असत्या, तर आम्ही शिक्षकांनी ते वर्गात पुढे चालू ठेवलं असतं. मी विभागाला तसं लेखी कळवलं आहे.

नाव नोंदवण्याआधी दोन प्रश्न विचारा: गटात मुलं किती, आणि प्रत्येकाला रोज बोलायची पाळी मिळते का? गट मोठा असेल तर जोडीने सांगण्याचा सराव नुसता उरकला जातो आणि अबोल मुलं पुन्हा मागेच राहतात.