डुब्रोव्हनिक की कोटोर?

एड्रियाटिक समुद्राकाठची ही दोन्ही तटबंदीची शहरं १९७९ साली युनेस्कोच्या यादीत आली. दोन्हींमधलं अंतर बसने जेमतेम काही तासांचं, तरी सुट्टीचा अनुभव अगदी वेगळा.

क्रोएशियातल्या डुब्रोव्हनिकची खरी मजा तटावर चालण्यात आहे. जवळपास दोन किलोमीटरचा पूर्ण फेरा, एका बाजूला निळाशार समुद्र, दुसऱ्या बाजूला लाल कौलांची दाटी. वर सावली जवळजवळ नाहीच, त्यामुळे सकाळी दार उघडताच चढावं. दुपारी तट तापतो आणि क्रूझची गर्दीही उतरलेली असते. शिवाय खिशाला चटका बसतो तो वेगळाच! अंगावर आलं तर बोटीने समोरच्या लोक्रुम बेटावर निघून जावं.

माँटेनेग्रोतलं कोटोर लहान. इथे तट शहराभोवती फिरून थांबत नाही, थेट डोंगरावर चढतो. तेराशेहून जास्त पायऱ्या चढल्या की खालचा आखात दिसतो आणि पाय दुखायचे विसरतात. गुडघे कुरकुरत असतील, तर खाली गल्ल्यांतल्या मांजरांशी गप्पा माराव्यात. पोहायला मात्र डुब्रोव्हनिकच सरस.

चलन दोन्हीकडे युरोच, पण क्रोएशिया शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे आणि माँटेनेग्रो त्याबाहेर. तिकडे जाऊन परत क्रोएशियात यायचं असेल, तर एकदाच प्रवेश देणारा शेंगेन व्हिसा चालणार नाही.

चारच दिवस असतील तर मी कोटोरला मुक्काम करेन.