कुजबूज गेली, घोषणा राहिल्या: नाशिकच्या एका मल्टिप्लेक्सचा हिशोब

राजकीय सिनेमा सुटला की भांडण पार्किंगमध्येच सुरू होतं. एक म्हणतो सरळसरळ प्रचार आहे, दुसरा म्हणतो इतक्या वर्षांनी कोणी खरं दाखवलं. नाशिकमध्ये हे भांडण रविवारच्या मिसळीपर्यंत टिकतं, तर्री संपते आणि मुद्दा तिथंच असतो. भांडावं जरूर. पण दोघांनीही सिनेमा पुरता ऐकला होता का, हे आधी विचारायला हवं, कारण शहरातल्या ज्या मल्टिप्लेक्सबद्दल लिहितोय तिथं तो पुरता ऐकूच येत नाही. नाव देत नाही. हेच दोष थोड्याफार फरकानं बाकी ठिकाणीही आहेत, त्यामुळे एकाच दारावर पाटी लावून उपयोग नाही. चार पडदे आहेत, खुर्च्या बऱ्या, स्वच्छतागृहं खरोखर स्वच्छ आणि लिफ्ट चालू. चित्रपट मराठी, राजकीय. वाड्यावरच्या बैठका, रात्रीचे फोन, दारामागची बोलणी, आणि मध्येमध्ये मैदानावरच्या सभा.

आधी आवाज, कारण सगळा घोळ तिथं आहे.

थिएटरच्या साउंड प्रोसेसरवर आवाजाचा आकडा ० ते १० असतो. स्टुडिओत ध्वनिमिश्रण करणारा माणूस ७ वर ऐकत काम करतो. म्हणजे पात्र कुजबुजतं तेव्हा ती कुजबूज किती हळू असावी, हे त्यानं ७ धरून ठरवलेलं असतं. इथं फेडर, म्हणजे हा आकडा ठरवणारं आवाजाचं बटण, साडेचारच्या आसपास असावा असं कानाला वाटतं. ४ च्या वर प्रत्येक आकडा साधारण ३.३ डेसिबलचा असतो. अडीच आकडे खाली म्हणजे आठ डेसिबलहून जास्त घट झाली. सभेतलं भाषण तरीही दणदणीत पोचतं, ढोल पोचतो, पार्श्वसंगीत पोचतं. बुडतं ते दारामागचं बोलणं. एसीची घरघर आणि शेजारच्या पडद्यावरच्या मारधाडीचा भिंतीतून येणारा घुमारा हळू संवादांना गिळून टाकतो.

राजकीय सिनेमात हे नुसतं गैरसोयीचं नाही. लेखकानं नेत्याला मैदानावर एक बोलायला लावलेलं असतं आणि गाडीत बसल्यावर पीएच्या कानात दुसरंच. त्या दोन वाक्यांमधलं अंतर हाच तर सिनेमा. गाडीतलं वाक्य गेलं की उरतं फक्त मैदान, आणि मग प्रेक्षक म्हणतो की पुढाऱ्याची आरती ओवाळली आहे. मध्यंतरानंतर असा एक प्रसंग आहे. कार्यकर्ता तिकीट मागायला येतो, साहेब पेपरावरून नजर न उचलता चार-पाच शब्द बोलतात, कार्यकर्त्याचा चेहरा पडतो. ते शब्द मागच्या सहा रांगांना कळले नाहीत. सगळे एकमेकांकडे बघत होते, ‘काय म्हणाला?’

आवाज खाली का ठेवतात? ट्रेलर आणि जाहिराती कर्कश मिसळलेल्या असतात. त्यांच्याबद्दल तक्रार आली की सगळ्याचाच आवाज उतरवला जातो आणि मग तिथंच राहतो. बूथमध्ये आता माणूस बसत नाही, चारही पडद्यांचं वेळापत्रक एका संगणकावरून चालतं. त्या प्लेलिस्टमध्ये जाहिरातींसाठी एक पातळी आणि मुख्य चित्रपटासाठी दुसरी, अशी सूचना घालता येते. अर्ध्या मिनिटाचं काम. घातलेली नव्हती.

प्रेक्षकानं काय करायचं? टॉर्चवाल्या मुलाला ‘जरा आवाज वाढवा’ म्हणून काही होत नाही, तो ‘हो सर’ म्हणून निघून जातो. ड्यूटी मॅनेजरला गाठायचं आणि विचारायचं, ‘फेडर कितीवर आहे?’ हा शब्द ऐकला की समोरचा सावध होतो. ७ मागू नका, कोणी देत नाही आणि पहिल्या रांगा खरंच ओरडतील. साडेपाच मागा. आणि पहिल्या दहा मिनिटांत मागा, मध्यंतरानंतर मागून काय मिळणार? आवाज वाढूनही संवाद गोधडीतून आल्यासारखे वाटत असतील तर दोष फेडरचा नाही. संवाद पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधून येतात. त्याचा वरच्या पट्टीचा हॉर्न गेला की स, श, च ही अक्षरं पुसट होतात, आणि ते त्या शोपुरतं दुरुस्त होत नाही. पैसे परत मागायचे.

चित्राचं त्यापेक्षा बरं आहे, पण फार बरं नाही. डिजिटल सिनेमाच्या मानकानुसार पडद्याच्या मध्यभागी उजेड १४ फूट-लॅम्बर्ट (पडद्यावरचा उजेड मोजायचं एकक) हवा. प्रोजेक्टरमधला झेनॉनचा दिवा जसा तास भरत जातो तसा मंदावतो. दिवा महाग, म्हणून तो शेवटच्या तासापर्यंत ओढण्याचा मोह सगळ्यांनाच. त्यात हा पडदा ३डीसाठीचा चंदेरी आहे. चंदेरी पडद्याचा गुण असा की मध्ये लख्ख आणि कोपऱ्यात काळोख. मधल्या खुर्चीवरून कडेच्या खुर्चीवर सरकलं की तो लख्ख डागही सोबत सरकतो. दिवसाच्या प्रसंगात हे खपून जातं. रात्रीच्या बैठकीत खोलीच्या कडेला बसलेली दोन माणसं जवळजवळ दिसेनाशी झाली होती, आणि पुढे जाऊन दगा देतात ती नेमकी तीच दोघं.

आणखी एक वाईट सवय. ३डी खेळ संपल्यावर लेन्सपुढची ध्रुवीकरणाची काच बाजूला सरकवायची असते. राहिली तर साध्या चित्रपटाचा अर्ध्याहून जास्त प्रकाश तिथंच मरतो. इथं ती काढलेली होती, तेवढं श्रेय देऊ. चित्रपट स्कोपमध्ये, म्हणजे २.३९:१ मध्ये, आणि पडदा १.८५:१ चा. त्यामुळे वर-खाली रिकाम्या पट्ट्या राहतात. त्या काळ्या कापडानं झाकायच्या असतात, त्याला मास्किंग म्हणतात. इथं ते नाहीच, म्हणून पट्ट्या करड्या दिसतात आणि ‘बाहेर’च्या हिरव्या दिव्याचा उजेड खालच्या पट्टीवर सांडतो. फोकस मात्र चारही कोपऱ्यांत नीट होता. तपासायचं असेल तर सेन्सॉरचं प्रमाणपत्र पडद्यावर येतं तेव्हा तपासा. बारीक अक्षरं, पांढरा कागद, सगळं एका नजरेत कळतं. तेवढ्यात प्रमाणपत्रही वाचून घ्यावं. यूए आता ७+, १३+ आणि १६+ असं विभागलेलं आहे. हा १६+ होता, आणि माझ्या पुढच्या रांगेत पहिली-दुसरीतली पोरं होती. यूएला पालक सोबत असले की अडवत नाहीत, ओळखपत्र फक्त ‘ए’ला बघतात. नियमानं ते बरोबरच आहे. पालकांचं काय, ते पालक जाणोत.

आता पैसे. समजा तिकिटाचा मूळ दर २०० रुपये. १०० रुपयांवरच्या तिकिटाला १८ टक्के जीएसटी, म्हणजे २३६. १०० किंवा त्याहून स्वस्त तिकिटाला २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के, आधी १२ होते. एकपडदा थिएटरमध्ये ८० रुपयांचं तिकीट म्हणूनच ८४ ला पडतं. ॲपवर घेतलं तर सुविधा शुल्क वेगळं, आणि त्यावर पुन्हा जीएसटी. राज्य सरकारनं २०१३ आणि २०१४ मध्ये हे शुल्क घेऊ नका असं फर्मावलं होतं, ते आदेश मुंबई उच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये रद्द केले. तेव्हा त्यावरून काउंटरवर वाद घालू नका. काउंटरवरच तिकीट काढा, शुल्क वाचतं. मंगळवार-बुधवारच्या दुपारी रांग नसते.

‘टॅक्स फ्री’ या शब्दावर थोडं थांबतो, कारण राजकीय सिनेमाच्या पोस्टरवर हा शब्द हल्ली नटाच्या नावाहून मोठा असतो. १८ टक्क्यांपैकी ९ केंद्राचे, ९ राज्याचे. मुख्यमंत्री करमुक्तीची घोषणा करतात ती फक्त राज्याच्या ९ ची. साधारण रीत अशी की थिएटर प्रेक्षकाकडून ते ९ टक्के घेत नाही, सरकारकडे स्वतः भरतं आणि नंतर परतावा मागतं. म्हणजे २३६ चं तिकीट २१८ ला. फुकट नाही, अठरा रुपये कमी. आणि मूळ दर २०० चा २२० केला की करमुक्त तिकीट २४० च्या जवळ जातं आणि अठरा रुपयेही गेले. करमुक्त खेळाच्या तिकिटावर मूळ दर वेगळा छापलेला असतो, तो आदल्या आठवड्याच्या तिकिटाशी ताडून बघा. माझं मत विचाराल तर कुठलंही सरकार असो, आवडत्या सिनेमाला सूट ही सरकारी खर्चानं केलेली जाहिरातच आहे. जीएसटी येण्याआधी महाराष्ट्रात मराठी चित्रपटांना करमणूक कर माफ होता. २०१७ नंतर मराठी आणि बाकीचे एकाच दरात आले. आज मराठी सिनेमाला भाषा मराठी म्हणून करात सूट मिळत नाही, सिनेमाचा विषय मंत्र्याला आवडला तर मिळते.

वेळेचंही तेच. २०१५ मध्ये मल्टिप्लेक्सनी मराठी चित्रपट प्राइम टाइमला लावावेत असं ठरलं, तेव्हा संध्याकाळी ६ ते ९ म्हणाले होते. गदारोळ झाला आणि प्राइम टाइमची व्याख्या ताणून दुपारी १२ ते रात्री ९ झाली. आता दुपारी सव्वाबाराचा खेळसुद्धा प्राइम टाइमच. इथं हा चित्रपट पहिल्या शुक्रवारी सायंकाळी होता, सोमवारपासून दुपारी साडेबारा आणि सकाळी साडेनऊ. सातपूर-अंबडच्या कंपनीत पहिल्या पाळीला गेलेला माणूस साडेबाराला कसा येणार? आणि त्याच्यासाठीच तर हा विषय. नंतर व्यवस्थापन म्हणतं की प्रेक्षकच नाही.

यात एक तांत्रिक गोष्ट प्रेक्षकांना माहीत नसते. ‘लहान पडद्यावर गर्दी झालीय, मोठ्यावर लावा’ अशी मागणी होते आणि मॅनेजर ‘शक्य नाही’ म्हणतो. दरवेळी तो खोटं बोलत नसतो. चित्रपटाची डिजिटल प्रत कुलूपबंद येते. तिची किल्ली, केडीएम, ही ठरावीक पडद्याच्या सर्व्हरसाठीच आणि ठरावीक तारखा-वेळांपुरतीच बनलेली असते. पडदा बदलायचा तर नवी किल्ली मागवावी लागते. पहिल्या दिवशी सकाळचा खेळ ‘तांत्रिक कारणामुळे’ रद्द होतो तेव्हा बहुतेक वेळा किल्ली उशिरा आलेली असते. तेव्हा तोडफोडीची भाषा करू नये, पूर्ण परतावा मागावा, सुविधा शुल्कासकट. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी आपली कंपनी मुंबईहून नाशिकला हलवली होती. त्यांच्या रिळांना कुलूप नव्हतं, नुसती आग लागायची भीती.

खाण्याबद्दल फार लिहीत नाही. पॉपकॉर्न ताजा, समोसा नाही. बाहेरचं खाणं आत नेऊ द्यायचं की नाही हे थिएटरनं ठरवायचं, असं सर्वोच्च न्यायालयानं ३ जानेवारी २०२३ ला सांगितलं. त्यामुळे पर्समधला चिवडा दारावर सापडला तर मुकाट्यानं द्यावा. पण त्याच निकालात पिण्याचं पाणी मोफत द्यायला सांगितलं आहे आणि तान्ह्या मुलाचं खाणं न्यायला मुभा आहे. इथं पाण्याचा कूलर आहे, फक्त स्वच्छतागृहाच्या मागच्या बोळात, पाटीशिवाय. विचारा, दाखवतात. तिकीट आणि पॉपकॉर्न एकत्र बांधलेला कॉम्बो घेऊ नका. सुटं खाणं घेतलं तर ५ टक्के, तिकिटासोबत एकाच बिलात बांधून घेतलं तर त्यालाही तिकिटाचाच दर लागतो.

राष्ट्रगीत वाजलं. २०१६ च्या सक्तीच्या आदेशानंतर ९ जानेवारी २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं ते थिएटरच्या मर्जीवर सोडलं. उभं राहावं, हे माझं मत. न उठलेल्या माणसाच्या अंगावर धावून जाऊ नये, हेही माझंच मत, कारण त्याचे गुडघे कसे आहेत हे आपल्याला दिसत नाही. विशेष म्हणजे राष्ट्रगीताला आवाज अगदी योग्य पातळीवर होता. म्हणजे यंत्रणा धड आहे, हे सिद्ध झालं.

पाचात मोजायचं तर आवाजाला दोन, चित्राला तीन, स्वच्छतेला साडेचार. जायचंच असेल तर दुसऱ्या क्रमांकाच्या पडद्यावर, मागून पाचवी-सहावी रांग, मधल्या वाटेच्या दोन खुर्च्या आत. शेवटच्या दोन रांगा टाळा, वर बाल्कनीसारखी छत खाली आलेली आहे आणि मागच्या भिंतीमुळे ढोल दुप्पट घुमतो. रविवारी संध्याकाळी दिंडोरी, पिंपळगावकडून गर्दी येते, पार्किंगमधून निघायलाच अर्धा तास जातो. बुधवारी दुपारी हॉल रिकामा असतो, एसी कमी ठेवतात, आणि घरघर कमी झाली की साहेबांचे ते चार-पाच शब्दही ऐकू येतात.