मुखत्यारपत्रासाठी गेलो, पण करून आणले वैद्यकीय इच्छापत्र

वडिलांना स्मृतिभ्रंशाची सुरुवात असल्याचे डॉक्टरांनी सांगितल्यावर, त्यांची समज शाबूत आहे तोवर कागदपत्रे करून ठेवावीत या हेतूने आम्ही एका वकील कार्यालयाची सेवा घेतली. मागणी साधी होती: थोरल्या भावाच्या नावे कुलमुखत्यारपत्र करायचे, म्हणजे पुढे आप्पांना व्यवहार उमगेनासा झाला तरी घर आणि बँक अडणार नाही. वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितले की भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 201 नुसार मुखत्यारपत्र देणाऱ्याची बुद्धी विकल झाली की मुखत्याराचा अधिकारही संपतो. म्हणजे ज्या दिवसासाठी आम्ही तो कागद करणार होतो, नेमका त्याच दिवसापासून तो कुचकामी ठरला असता. निमूटपणे मसुदा करून शुल्क घेणे त्यांना सहज शक्य होते, आणि आमच्या ते लक्षातही आले नसते.

त्याऐवजी मालमत्तेसाठी नोंदणीकृत विश्वस्तपत्राचा (मालमत्ता सांभाळायला विश्वस्ताच्या हाती सोपवणाऱ्या दस्ताचा, म्हणजे ट्रस्ट डीडचा) पर्याय त्यांनी समजावला, कारण मालक असमर्थ झाला तरी विश्वस्ताचे अधिकार चालू राहतात. काहीच केले नाही आणि रुग्ण कोमात गेला, तर पालक नेमून घेण्यासाठी कुटुंबाला उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागते, हेही तेव्हाच कळले. खात्यावर नामनिर्देशन आहे एवढ्यावर आम्ही निश्चिंत होतो. पण ते मृत्यूनंतरच उपयोगी पडते.

वैद्यकीय इच्छापत्राचे, म्हणजे पुढे स्वतः सांगता येईनासे झाले तर कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याचे, काम मात्र मनापासून झाले. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये त्याला मान्यता दिली, तेव्हा न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागत असे. जानेवारी 2023 पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे आहेत. पहिल्या मसुद्यात ‘अनावश्यक उपचार करू नयेत’ असे मोघम वाक्य होते. आम्ही हरकत घेताच व्हेंटिलेटर, डायलिसिस आणि नाकातून नळीने अन्न यांचा स्वतंत्र उल्लेख करून, कोणत्या अवस्थेत काय थांबवायचे हे त्यांनी नव्याने लिहिले. आप्पा भिंग घेऊन ओळ न ओळ वाचत होते. मध्येच थांबून त्यांनी विचारले, “म्हणजे घसा कोरडा पडला तरी पाणी देणार नाहीत का?” बाईंनी पेन खाली ठेवले. “तसं नाही, काका. तोंड ओलं करणं, वेदना कमी करणं, हे चालूच राहतं,” असे सांगून त्यांनी ते वाक्यही मसुद्यात घातले. त्या दिवशीचा, समज शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखलाही त्यांनी आग्रहाने जोडून घेतला.

तक्रार आहे ती शेवटच्या टप्प्याबद्दल. सही स्वेच्छेने होत आहे याची खातरजमा नोटरीने करायची असते. कार्यालयाने आणलेल्या नोटरींनी मान वर न करता शिक्का मारायला घेतला, तेव्हा भावाने त्यांना थांबवले आणि आप्पांशी बोलायला लावले. साक्षीदार म्हणून कार्यालयातलेच दोन कारकून उभे केले होते, त्यांच्या जागी आम्ही शेजारच्या दोघांना बोलावले. इच्छापत्राची प्रत कुटुंबाच्या डॉक्टरांकडे आणि स्थानिक स्वराज्य संस्थेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायची असते, याचा तर कोणी शब्दही काढला नाही. दोन्ही प्रती नंतर आम्हीच नेऊन दिल्या आणि पोच घेतली. सल्ला आणि मसुदा यांसाठी मी याच कार्यालयात पुन्हा जाईन, परंतु साक्षीदार आणि नोटरी स्वतः ठरवूनच.