गूगल क्लाउड, मुंबई रीजन: विजेच्या बाजूने रिव्ह्यू

आमचं ऑफिस ठाण्याच्या वागळे इस्टेटमधे, पतसंस्थांची सॉफ्टवेअर बनवतो आणि सगळा माल गूगल क्लाउडच्या (म्हणजे गूगलच्या भाड्याने मिळणाऱ्या सर्व्हरच्या) मुंबई रीजनवर आहे, रीजन म्हणजे एका भागातल्या डेटा सेंटरचा गट. स्पीड, बिल, सपोर्ट यावर नेटवर ढीगभर लिहिलेलं सापडेल, माझ्याकडून एवढंच की सर्व्हिस चांगली आहे आणि क्लायंट खूश आहेत. मला लिहायचंय ते विजेबद्दल, कारण सर्व्हर घेताना हा प्रश्न कोणी विचारतच नाही. ठाणे-बेलापूर रोडने ऐरोली, रबाळे, महापे असं गेलात की डेटा सेंटरच्या बिनखिडक्यांच्या बिल्डिंगा दिसतात, कोणाच्या ना कोणाच्या, बाजूला डिझेल जनरेटरची रांग, गच्चीवर सर्व्हर थंड ठेवणारे चिलर. हे सगळं चालतं ते आपण घरी वापरतो त्याच ग्रिडवर, त्यामुळे हा विषय आपला पण आहेच.

गूगलचा पसारा केवढा ते आधी बघा. २०२३ मधे कंपनीने साधारण २,५०० कोटी युनिट वीज वापरली आणि २०२४ मधे एआयच्या धडाक्यात तो आकडा ३,००० कोटींच्या पुढे गेला. दुसरीकडे रिन्युएबलचं (सूर्य, वारा अशा न संपणाऱ्या विजेचं) कामही जुनं आहे, २०१० मधेच त्यांनी अमेरिकेत आयोवातल्या ११४ मेगावॅटच्या पवनचक्क्यांची वीज २० वर्षं घ्यायचा करार केला होता, आणि २०१७ पासून वर्षभरात जेवढी वीज वापरतात तेवढी रिन्युएबल वीज विकत घेतात. ‘१०० टक्के रिन्युएबल’ म्हणतात ते हेच.

पण हे १०० टक्के नीट समजून घ्या. सोसायटीच्या गच्चीवरच्या सोलरचं नेट मीटरिंग असतं ना, दुपारी ग्रिडला दिलेली युनिटं रात्रीच्या लिफ्ट आणि पंपाच्या युनिटांतून वजा होतात, बिल अगदी कमी येतं, पण रात्री लिफ्ट खरं तर कोळशाच्या विजेवरच चालते. गूगलचा हिशोबही तसाच, वर्षाचा आणि जगभरचा एकत्र. आयोवात वारा वाहिला म्हणून इथला सर्व्हर रात्री नऊ वाजता वाऱ्यावर चालत नाही.

आणि मला ही कंपनी इथेच आवडते, कारण हे ते स्वतःच सांगतात. २०२० मधे त्यांनी टार्गेट ठेवलं की २०३० पर्यंत दर तासाला, ज्या त्या ग्रिडवर, कार्बन-फ्री वीज वापरायची. त्या मापाने २०२३ चा जगभरचा आकडा ६४ टक्के आला. प्रत्येक रीजनचा वेगळा आकडाही ते छापतात, आणि आपला मुंबईचा १० टक्क्यांच्या आसपास आहे! फिनलंडचा ९० च्या वर. २०१९ च्या तुलनेत २०२३ मधे कंपनीचं एकूण कार्बन उत्सर्जन ४८ टक्क्यांनी वाढलं हेसुद्धा त्यांच्याच रिपोर्टमधे आहे, लपवलेलं नाही. मी एका लोकल होस्टिंगवाल्यांना विचारलं होतं की तुमची किती वीज ग्रीन आहे, तर त्यांनी पानांची चित्रं असलेलं ब्रोशर पाठवलं, आकडा एकही नाही, परत विचारलं तर फोन उचलणं बंद.

मुंबईचा आकडा एवढा कमी का, तर आपली वीज अजून मुख्यतः कोळशाची. चंद्रपूरचं एकच केंद्र २,९२० मेगावॅटचं, शिवाय कोराडी, भुसावळ वगैरे आहेतच. कोयनेचे १,९६० मेगावॅट आहेत पण ते बरेचसे संध्याकाळी मागणी सगळ्यात जास्त असते तेव्हा लागतात, आणि सोलर सूर्य मावळला की संपलं. ऑक्टोबर २०२४ मधे गूगलने कच्छमधल्या खावड्याच्या सोलर आणि वाऱ्याच्या हायब्रिड प्रोजेक्टची वीज घ्यायचा करार अदानींशी जाहीर केला, तो मला मोलाचा वाटतो, कारण वारा रात्री पण असतो. असे अजून बरेच करार लागतील तेव्हा कुठे आपला आकडा हलेल.

आता वापरताना काय मिळतं ते. नवीन मशीन (भाड्याचा सर्व्हर) बनवताना रीजनची यादी उघडते त्यात कमी कार्बनवाल्या रीजनपुढे हिरवं पान दिसतं, मुंबईपुढे ते नाही. दुसरं म्हणजे कन्सोलमधलं (क्लाउड सांभाळायच्या वेबपेजवरचं) ‘कार्बन फूटप्रिंट’, त्यात प्रोजेक्टनुसार आणि सर्व्हिसनुसार महिन्याला किती किलो कार्बन ते दिसतं, फुकट. आमच्याकडे सगळ्यात मोठा आकडा निघाला तो जुन्या खातेवह्यांचे स्कॅन वाचून घ्यायच्या कामाचा. सभासदांचा डेटा आम्हाला देशाबाहेर न्यायचा नाही म्हणून ते मुंबईतच ठेवलं पण रात्रीऐवजी भर दुपारी चालवतो, तेव्हा ग्रिडमधे सोलर भरपूर असतं (महावितरणनेही स्मार्ट मीटरवाल्या घरगुती ग्राहकांना दिवसाच्या विजेवर सवलत दिलीय ती याच कारणाने). डमी डेटावरचं टेस्टिंग मात्र सरळ फिनलंडला हलवलं, त्याला थोडा उशीर लागला तरी कोणाचं काही अडत नाही. गूगल स्वतःही यूट्यूबच्या व्हिडिओ प्रोसेसिंगसारखी थांबू शकणारी कामं स्वच्छ वीज असेल त्या वेळेला सरकवतं, मग आपण का नाही.

काय कमी आहे? मुंबईचा आकडा वर्षाचा मिळतो, आत्ता या तासाला ग्रिड किती स्वच्छ आहे ते यादीत दिसायला हवं, म्हणजे जॉब किती वाजता लावायचा ते अंदाजाने ठरवावं लागणार नाही. फूटप्रिंटचा रिपोर्टही महिना उलटल्यावरच येतो. आणि हिरवं पान असलेला एक तरी पर्याय भारतात मिळावा अशी माझी मनापासून मागणी आहे, कारण पतसंस्था, दवाखाने, शाळा यांचा डेटा फिनलंडला कोण पाठवणार?

माझ्याकडून ५ पैकी ४. एक स्टार मुंबईच्या आकड्यासाठी कापला, तो वाढला की रिव्ह्यू अपडेट करेन. फूटप्रिंटचा रिपोर्ट दिसत नसेल तर तो बिलिंग अकाउंटला जोडलेला असतो, बिलिंग ज्यांच्या नावावर आहे त्यांच्याकडून ‘कार्बन फूटप्रिंट व्ह्यूअर’ची परमिशन घ्या, लगेच उघडतो.