टोकियोत भाड्याने घर घेताय? निशिकासाईची यूआर वसाहत की जपानी गल्लीतला खाजगी फ्लॅट

टोकियोला बदली झालेल्या मराठी माणसाचा प्रश्न ठरलेला असतो: "निशिकासाईतच घ्यावं का?" भारतीयांची मोठी वस्ती असलेल्या या भागातल्या यूआर वसाहतीत, म्हणजे यूआर या निमसरकारी संस्थेच्या भाड्याच्या घरात, मी तीन वर्षं काढली, आणि आता टोकियोतल्याच नेरिमा भागातल्या एका खाजगी फ्लॅटमध्ये चौथं वर्ष चालू आहे. दोन्हीकडे सुखात राहिलो, दोन्हीकडे वैतागलोही.

आधी पैसे. महिना १ लाख येन भाडं धरा. खाजगी घराला एक महिन्याची अनामत, म्हणजे शिकिकिन. मग रेइकिन, म्हणजे घर दिल्याबद्दल मालकाला द्यायची 'भेट', बहुधा एक महिन्याची आणि कधीच परत न मिळणारी. दलाली एक महिना अधिक कर, जामीन कंपनीचा निदान अर्धा महिना, आगीचा विमा, कुलूप बदलण्याचे पैसे, पहिलं भाडं. चावी हातात पडेपर्यंत ५ लाखांच्या आसपास जातात. वर दर दोन वर्षांनी करार वाढवायचा म्हणून टोकियोत सहसा आणखी एक महिन्याचं भाडं. यूआरचं वेगळं. तिथे रेइकिन, दलाली, जामीनदार, नूतनीकरणाचे पैसे, काहीच नाही. दोन महिन्यांची अनामत आणि भाडं, संपलं. अट पगाराची: ८२,५०० ते २ लाख येनांच्या दरम्यान भाडं असेल तर कुटुंबवाल्याची मासिक कमाई ३ लाख ३० हजार हवी. ती दाखवता आली की तुम्ही कुठल्या देशाचे, हा प्रश्न कुणी विचारत नाही.

खाजगीत तो विचारतात. एजंटने माझ्यासमोरच मालकाला फोन लावला. 'इंदोजिन' (भारतीय) एवढा एक शब्द मला कळला, मग बराच वेळ "हाय, हाय", आणि फोन ठेवून एजंट मान खाली घालून माफी मागत म्हणाला, "सुमिमासेन." असं चार घरांच्या बाबतीत झालं. एका मालकाची अडचण करीच्या वासाची होती म्हणे. मी एकटाच दुर्दैवी नाही. न्याय मंत्रालयाने २०१७ मध्ये जाहीर केलेल्या पाहणीत, घर शोधलेल्या परदेशी लोकांपैकी ३९.३ टक्के जणांनी परदेशी म्हणून नकार मिळाल्याचं सांगितलं होतं. नवीन नोकरी, जेट लॅग आणि घरी वाट बघणारी बायकापोरं अशा अवस्थेत हा अनुभव घ्यायलाच हवा असं काही नाही.

निशिकासाई म्हणजे एदोगावा वॉर्ड. वायटूकेच्या, म्हणजे नवं शतक लागताच संगणक बिघडतील या धास्तीने २०००च्या सुमारास इथे भारतीय संगणकवाले आले आणि तोझाई लाईन या मेट्रोने मध्य टोकियोतल्या ओतेमाचीची ऑफिसं जवळ पडतात म्हणून राहिले. आज तूरडाळ, पोहे, कढीपत्ता चालत जाऊन आणता येतो, मुलांना भारतीय शाळा आहे. २०१९ मध्ये एदोगावाच्या वॉर्ड सभेवर निवडून आलेले योगेंद्र पुराणिक हे आपलेच मराठी. रात्री मुलाला ताप आला तर कुठला दवाखाना उघडा आहे, हे लिफ्टमध्ये हिंदीत विचारता येतं. ही सोय किती मोठी आहे ते नेरिमाला आल्यावर कळलं.

पण तीच सोय आळशीही करते. तीन वर्षांत माझं जपानी 'पिशवी नको' आणि 'कार्ड चालेल का'च्या पुढे गेलं नाही. वॉर्ड ऑफिसचं पत्र आलं की शेजारच्या दादांकडे न्यायचं, रविवारी पुन्हा त्याच दहा घरांत जेवायला जायचं. इमारतीही बऱ्याच जुन्या, काही घरांत बाथरूम बघून हिरमोड होतो. आणि तोझाई लाईन! २०१९ मध्ये किबा ते मोनझेन-नाकाचो टप्प्यात सकाळची गर्दी क्षमतेच्या १९९ टक्के होती. डोंबिवलीकर हसतील, पण इथे ती गर्दी निःशब्द उभी असते, त्याचं दडपण वेगळंच. आणखी एक: एदोगावाचा सुमारे ७० टक्के भूभाग भरतीच्या पातळीखाली आहे. वॉर्डाने २०१९ मध्ये काढलेल्या पूर-नकाशावर स्वच्छ लिहिलं होतं, 'इथे थांबू नका.' घर घ्याल तर वरच्या मजल्यावर घ्या.

खाजगी घरात खरी परीक्षा कचऱ्याची. वसाहतीत कचऱ्याची जागा आवारातच, चूक कुणाची ते सहसा कळत नाही. माझ्या गल्लीत मात्र कोपऱ्यावर कावळ्यांपासून वाचवायला निळी जाळी, आठच्या आत तिच्याखाली पिशवी ठेवायची. पहिल्याच महिन्यात माझी पिशवी स्टिकर लावून तशीच ठेवलेली. आत लोणच्याची काचेची बरणी होती. समोरच्या सत्तरीच्या बाईंनी मला बोलावलं, खुणांनी सांगितलं: झाकण वेगळं, बरणी धुऊन, काचेच्या दिवशी. मी ओशाळून दिवाळीत त्यांना चिवड्याचा डबा दिला. चार दिवसांनी डबा परत आला, आत दोन काकी, म्हणजे जपानी पर्सिमॉन फळं. डबा रिकामा परत करायचा नाही, हे त्यांना कुणी सांगितलं होतं? आता त्या मला दर आठवड्याला एक तरी शब्द शिकवतात, बहुतेक तक्रारीतूनच.

कुकरच्या शिट्ट्यांवरूनही पत्रपेटीत चिठ्ठी आली होती. लाकडी इमारत भाड्याला स्वस्त असते, पण भिंतीपलीकडचा खोकलासुद्धा ऐकू येतो, काँक्रीटचीच बघा. देवघरासाठी भिंतीत खिळा ठोकू नका. पुशपिनची छिद्रं सर्वसाधारण झीज म्हणून सोडतात, खिळ्याच्या भोकाचे पैसे घर सोडताना तुमच्याकडून घेतात.

माझं मत विचाराल तर: कुटुंब घेऊन येत असाल, किंवा करार दोन-तीन वर्षांचाच असेल, तर डोळे झाकून यूआर. एकटे असाल आणि इथे टिकायचा विचार असेल तरी पहिलं वर्ष यूआरमध्येच काढा, मग भाषेचा थोडा धीर आला की बाहेर पडा. उलटा क्रम जमवलेली माणसंही आहेत. माझ्यात ती हिंमत नव्हती. यूआरची रिकामी घरं बहुधा जो आधी येईल त्याला मिळतात, तेव्हा पगाराचे कागद तयार ठेवूनच कार्यालयात जा.

आणि यातलं कुठलंही घर घेतलंत तरी मिक्सर पुण्याहून आणू नका. इथली वीज १०० व्होल्टची. माझा नुसताच घुं घुं करायचा, खोबरं काही वाटलं जायचं नाही.